फूटभर लांब असूनही मस्टँग आतून प्रियसपेक्षा लहान कशी?

फोर्ड मस्टँग आणि टोयोटा प्रियस शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर मोठी गाडी कोणती हे सांगायला टेप लागणार नाही. भारतात आलेली सहाव्या पिढीची मस्टँग ४,७८४ मिलिमीटर लांब आहे आणि तिसऱ्या पिढीची प्रियस ४,४८० मिलिमीटर. म्हणजे मस्टँग जवळपास फूटभर जास्त लांब. रुंदीतही ती १७ सेंटीमीटरने पुढे आहे.

पण अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, गाड्यांचे जे वर्ग पाडते त्यात मस्टँग 'सबकॉम्पॅक्ट' आहे, तर प्रियस 'मिडसाइझ'. म्हणजे बाहेरून लहान दिसणारी गाडी यादीत दोन पायऱ्या वर.

ही काही कारकुनी चूक नाही. ईपीए गाडी बाहेरून मोजतच नाही, ती आतून मोजते. आणि आतून मोजलं की गाड्यांबद्दलचे आपले बरेच अंदाज उलटेपालटे होतात. लांब म्हणजे ऐसपैस, महाग म्हणजे आरामदायी, रुंद म्हणजे खांद्याला खांदा न लागणारी, यातलं काहीच गृहीत धरता येत नाही.

स्पोर्ट्स कूपे आणि हायब्रिड हॅचबॅक या दोन टोकाच्या गाड्या समोर ठेवून आपण हे प्रकरण समजून घेऊ. गाडी घेताना ब्रोशरमधले आकडे कसे वाचायचे, हेही त्यातून कळेल.

आधी दोघींची ओळख

मस्टँगचा जन्म १९६४ चा. त्या वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने ती लोकांसमोर आणली. लांब बॉनेट, आखूड मागचा भाग आणि दोन दारं ही तिची ओळख तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे. भारतात मात्र ती अधिकृतपणे यायला २०१६ उजाडलं. ५ लिटरचं व्ही-८ इंजिन, चार सीट आणि दिल्लीतली तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ६५ लाख रुपये.

प्रियस १९९७ मध्ये जपानमध्ये आली. मोठ्या संख्येने बनवलेली ती जगातली पहिली हायब्रिड कार. सुरुवातीला ती सेडान होती. २००३ च्या दुसऱ्या पिढीपासून ती मागे मोठं दार असलेली हॅचबॅक झाली. भारतात ती २०१० च्या ऑटो एक्स्पोमध्ये आली, ती तिसरी पिढी. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरी. पुढे २०१७ मध्ये चौथी पिढीही इथे आली. या लेखातले प्रियसचे आकडे तिसऱ्या पिढीचे आहेत आणि दोन्ही गाड्यांच्या आतली मापं कंपन्यांनी अमेरिकेत जाहीर केलेली आहेत.

दोन्ही गाड्या आपल्याकडे मोजक्याच विकल्या गेल्या. तरी तुलनेसाठी ही जोडी उत्तम आहे. कारण दोघींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, जवळपास सारखं आहे. मस्टँगचं २,७२० मिलिमीटर आणि प्रियसचं २,७००. म्हणजे माणसं बसवायला दोघींना साधारण सारखाच पाया मिळाला. त्यावर घर मात्र वेगवेगळं बांधलं गेलं.

गाडी लहान की मोठी, हे ठरवतं कोण?

आपल्याकडे ते लांबी ठरवते. कराच्या हिशेबात 'लहान गाडी' म्हणवून घ्यायचं असेल तर लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत हवी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. म्हणूनच इतक्या गाड्यांच्या ब्रोशरमध्ये ३,९९५ मिलिमीटर हा आकडा दिसतो. आत किती जागा आहे, याच्याशी या नियमाला काही देणंघेणं नाही.

याचा परिणाम आपण पाहिलेला आहे. मारुतीची डिझायर २०१२ मध्ये ४,१६० वरून ३,९९५ मिलिमीटरवर आली. कात्री मागच्या भागावर चालली आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर घसरली. कर वाचला, पण तो वाचवायला डिकीतली एक मोठी बॅग बाहेर राहिली.

अमेरिकेत ईपीए वेगळा हिशेब करते. माणसं बसतात ती जागा आणि सामानाची जागा, दोन्ही घनफुटांत मोजायच्या आणि बेरीज करायची. बेरीज ८५ ते १०० च्या दरम्यान असेल तर सबकॉम्पॅक्ट, १०० ते ११० असेल तर कॉम्पॅक्ट, ११० ते १२० असेल तर मिडसाइझ. मस्टँगची बेरीज ९८ येते. प्रियसची ११५.३.

यातली फक्त माणसांची जागा बघितली तर मस्टँगमध्ये ती ८४.५ घनफूट आहे आणि प्रियसमध्ये ९३.७. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,३९० आणि २,६५०. फरक साधारण २६० लिटरचा. आपल्याकडच्या घरांत दोन दारांचा जो मध्यम फ्रिज असतो, त्याच्या आत मावेल एवढी जागा प्रियसच्या केबिनमध्ये जास्त आहे. डिकी अजून मोजलेलीच नाही.

कुठे किती जागा?

एकूण आकड्यावरून फक्त अंदाज येतो. जागा नक्की कुठे कमी आणि कुठे जास्त आहे, हे बघायला तीन मापं पुरतात. पायांसाठीची जागा म्हणजे लेगरूम, डोक्यावरची जागा म्हणजे हेडरूम आणि खांद्यांच्या पातळीवरची रुंदी म्हणजे शोल्डर रूम.

पुढच्या सीटवर:
- लेगरूम: मस्टँग ११३ सेंटीमीटर, प्रियस १०८
- हेडरूम: मस्टँग ९५.५, प्रियस ९८
- शोल्डर रूम: मस्टँग १४३, प्रियस १३९.४

मागच्या सीटवर:
- लेगरूम: मस्टँग ७७.७, प्रियस ९१.४
- हेडरूम: मस्टँग ८८.४, प्रियस ९५.५
- शोल्डर रूम: मस्टँग १३२.६, प्रियस १३४.९

पुढे बसणाऱ्या दोघांना मस्टँग फारशी कमी पडत नाही, फक्त हेडरूम थोडी कमी आहे. मागे मात्र चित्र बदलतं. पायांसाठी जवळपास १४ सेंटीमीटर कमी, डोक्यावर ७ सेंटीमीटर कमी. आणि गंमत रुंदीची बघा. मस्टँग बाहेरून १७ सेंटीमीटर जास्त रुंद आहे, पण पुढे खांद्यांना त्यातले फक्त साडेतीन सेंटीमीटर मिळतात. मागे तर ती प्रियसपेक्षाही अरुंद आहे.

मग ती फूटभर लांबी गेली कुठे?

सगळ्यात मोठा वाटा इंजिनाने घेतला.

मस्टँगचं व्ही-८ इंजिन बॉनेटखाली लांबीच्या दिशेने, म्हणजे आडवं नाही तर उभं बसवलेलं आहे. त्याच्या मागे गिअरबॉक्स. तो पुढच्या दोन सीटांच्या मध्ये घुसतो. तिथून एक लांब दांडा, ज्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेतो. या सगळ्याला वाट द्यायला केबिनच्या मधोमध एक उंच बोगदा करावा लागतो. मागच्या सीटवर तिसरा माणूस बसूच शकत नाही, याचं एक कारण हा बोगदा आहे.

प्रियसमध्ये चार सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं आहे. त्याच्या शेजारीच इलेक्ट्रिक मोटर आणि गिअरची यंत्रणा. ताकद पुढच्याच चाकांना मिळते, त्यामुळे मागे दांडा न्यायची गरज नाही. सगळा पसारा बॉनेटखाली आटोपतो. बॉनेट आखूड होतं आणि वाचलेली लांबी केबिनला मिळते. मागे मधल्या माणसाला पाय ठेवायला जागा राहते आणि गाडी पाच सीटांची होते.

दुसरा वाटा उंचीचा. मस्टँग १,३८१ मिलिमीटर उंच आहे आणि प्रियस १,४९०. या ११ सेंटीमीटरमुळे बसण्याची पद्धतच बदलते. उंच गाडीत आपण खुर्चीवर बसल्यासारखे बसतो. गुडघे वाकतात, पाय खाली जातात आणि पुढे कमी जागा लागते. बुटक्या गाडीत सीट जमिनीजवळ न्यावी लागते, मग पाय समोर पसरावे लागतात. जेवणाच्या टेबलापाशी बसणं आणि सतरंजीवर पाय पसरून बसणं यात जेवढा फरक आहे, साधारण तेवढाच. सतरंजीवर एक माणूस जास्त लांबी अडवतो.

तिसरा वाटा छपराच्या उताराचा. दोन्ही गाड्यांचं छप्पर मागे उतरतं, कारण दोघींनाही हवा कापायची आहे. पण मस्टँगमध्ये उतार मागच्या प्रवाशाच्या डोक्यावरूनच जातो. प्रियसच्या तिसऱ्या पिढीत टोयोटाने छपराचा सगळ्यात उंच बिंदू आधीच्या पिढीपेक्षा १०० मिलिमीटर मागे सरकवला, तो मागच्यांच्या डोक्याला जागा मिळावी म्हणूनच. असं करूनही हवेचा विरोध दाखवणारा ड्रॅगचा आकडा ०.२५ इतका कमी राखला.

रुंदीचं गणितही असंच आहे. मस्टँगची जाड टायर्स, मागच्या चाकांवरचे फुगीर पंखे, जाड दारं, सगळं रुंदीत मोजलं जातं. मागच्या चाकांचे फुगवटे आत घुसतात आणि मागच्या सीटला मध्ये ढकलतात. बाहेरून जे रुबाबदार दिसतं, त्याची किंमत आत बसलेला माणूस चुकवतो.

पुढे मस्टँगमध्ये लेगरूम जास्त आहे, मग ती जास्त मोकळी नाही का?

इथे आकडे कसे मोजतात हे माहीत असलेलं बरं.

लेगरूम म्हणजे गुडघ्यापुढची मोकळी जागा नाही. बसलेल्या माणसाचा कमरेचा सांधा जिथे येतो त्या बिंदूपासून घोट्यापर्यंत सरळ रेषा धरतात आणि त्यात २५.४ सेंटीमीटर मिळवतात. म्हणजे पाय जितके लांब पसरावे लागतील, तितका हा आकडा वाढतो. मस्टँगचे ११३ सेंटीमीटर हे काही अंशी तिच्या बुटकेपणाचं फळ आहे. तिथे पाय पसरल्याशिवाय बसताच येत नाही.

आणखी एक मेख. पुढचं लेगरूम मोजताना ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सारलेली असते. ती तशीच ठेवली तर मागच्या माणसाचं काय होईल, हे ब्रोशर सांगत नाही. म्हणून पुढचा आणि मागचा आकडा वेगळा न बघता दोघांची बेरीज बघावी. मस्टँगची बेरीज १९०.७ सेंटीमीटर येते, प्रियसची १९९.४. एकूण लांबीला कमी असलेली गाडी इथे जवळपास ९ सेंटीमीटरने जिंकते.

हेडरूमही असंच फसवं आहे. ९५ सेंटीमीटर हेडरूम म्हणजे डोक्यावर ९५ सेंटीमीटर मोकळं नव्हे. कमरेच्या सांध्यापासून किंचित मागे झुकलेल्या रेषेत छपरापर्यंत अंतर मोजतात आणि त्यात १०.२ सेंटीमीटर मिळवतात. म्हणजे ढोबळमानाने सीटपासून छपरापर्यंतची उंची.

याची चाचणी घरी करता येते. कडक खुर्चीवर किंवा स्टुलावर भिंतीला टेकून ताठ बसा. खुर्चीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत टेपने मोजा. समजा ९० सेंटीमीटर आलं. प्रियसच्या मागच्या सीटवर तुमच्या डोक्यावर साधारण तीन बोटं जागा उरेल. मस्टँगच्या मागच्या सीटवर मान वाकवावी लागेल, कारण तिथला आकडा ८८.४ आहे. सीटची पाठ कलती असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडाफार फरक पडतो. पण शोरूममध्ये जाण्याआधीचा अंदाज म्हणून हे माप पुरेसं आहे. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवून मोजा.

डिकी ३८२ लिटर, ४०८ लिटर की ६१२ लिटर?

डिकीच्या आकड्यांत सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

अमेरिकी आकड्यांप्रमाणे मस्टँगची डिकी १३.५ घनफूट, म्हणजे सुमारे ३८२ लिटर. प्रियसची २१.६ घनफूट, म्हणजे सुमारे ६१२ लिटर. दीडपटीहून जास्त फरक. पण युरोपातल्या आकड्यांत मस्टँग ४०८ लिटर आणि प्रियस ४४५ लिटर. फरक फक्त ३७ लिटरचा.

गाड्या त्याच आहेत, मोजायची रीत वेगळी आहे. युरोपात जी जर्मन पद्धत रूढ आहे तिच्यात २० सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर जाड असे ठोकळे डिकीत रचतात. एक ठोकळा म्हणजे एक लिटर. जिथे ठोकळा बसत नाही ते कानेकोपरे मोजले जात नाहीत. शिवाय हॅचबॅकमध्ये सामान झाकणाऱ्या पडद्यापर्यंतच मोजायचं की छपरापर्यंत, यावर आकडा खूप बदलतो. प्रियससारख्या गाडीत पडद्याच्या वर बरीच जागा असते. मस्टँगची डिकी मात्र बंद पेटी आहे, तिच्यावर मोजायला काही नाहीच.

म्हणून दोन गाड्यांच्या डिक्यांची तुलना करायची असेल तर दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे आधी बघावं. एका साइटवरून एक आणि दुसऱ्या साइटवरून दुसरा उचलला की निष्कर्ष हमखास चुकतो.

आणि लिटरइतकंच महत्त्वाचं असतं तोंड. मस्टँगचं छप्पर मागे उतरतं म्हणून ती हॅचबॅकसारखी वाटते, पण तिची मागची काच उघडत नाही. उघडतं ते फक्त डिकीचं झाकण. बॅगा मावतील, पण मुलाची घडीची सायकल किंवा आजींची व्हीलचेअर त्या तोंडातून आत घालताना घाम निघेल. प्रियसचं मागचं दार काचेसकट वर उचललं जातं. सीट पाडल्या की छपरापर्यंत उंच वस्तूही आत जाते.

हायब्रिडची बॅटरी डिकी खाते, असं नेहमी ऐकायला मिळतं. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ती मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या तळाखाली आहे, त्यामुळे तळ थोडा उंच आहे. चौथ्या पिढीत टोयोटाने ती मागच्या सीटखाली नेली आणि ही अडचणही कमी केली.

जागा आहे म्हणजे आराम आहे का?

नाही. जागा टेपने मोजता येते, आराम मोजता येत नाही. पण आराम कुठून येतो, हे सांगता येतं.

चढणं-उतरणं: मस्टँगमध्ये बसताना शरीर खाली सोडावं लागतं आणि उतरताना गुडघ्यांवर जोर देऊन उठावं लागतं. तिशीतल्या माणसाला यात मजा वाटेल. गुडघेदुखी असलेल्या किंवा साडी नेसलेल्या आईला वाटणार नाही. मागे जायचं तर पुढची सीट वाकवून फटीतून शिरावं लागतं. त्यात दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात. मुंबई-पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी लागलेली असेल, तर एवढं लांब दार पुरतं उघडतही नाही. प्रियसची चार दारं आखूड आहेत आणि सीट तुलनेने उंच आहे.

खड्डे: भारतात आलेल्या मस्टँगच्या पुढच्या टायरचं माप २५५/४० आर १९. यातला ४० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशेब केला तर ती १०२ मिलिमीटर येते. प्रियसच्या १९५/६५ आर १५ टायरची १२७ मिलिमीटर. खड्ड्याचा पहिला दणका ही रबराची भिंत पचवते. ती जितकी उंच, तितका धक्का कमी. मस्टँगच्या बाजूने सांगायचं तर या पिढीत सगळ्या मॉडेलना मागच्या दोन चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकाला जात नाही, त्यामुळे जुन्या मस्टँगपेक्षा ती बरीच शांत चालते.

स्पीडब्रेकर: इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. एवढा पसरट असेल तर कुठलीही गाडी आरामात जाते. गल्लीतले अरुंद, टोकदार उंचवटे या निकषात बसत नाहीत आणि तिथे या दोन्ही गाड्यांना जपून जावं लागतं, कारण दोघींची पोटं जमिनीजवळ आहेत. या बाबतीत प्रियसला पैकीच्या पैकी मार्क देता येणार नाहीत.

आवाज: व्ही-८ चा आवाज हा मस्टँग घेण्याच्या कारणांपैकीच एक. पण मालकाला जे संगीत वाटतं ते मागे झोपलेल्या मुलाला वाटेलच असं नाही. प्रियस कमी वेगात केवळ मोटरवर चालते, तेव्हा इंजिनाचा आवाजच नसतो. याचा एक उलटा परिणामही होतो. इंजिन गप्प झालं की टायरचा आणि रस्त्याचा आवाज कानाला जास्त जाणवू लागतो. आणि घाटात जोरात पॅडल दाबलं की इंजिन एकाच चढ्या सुरात ओरडत राहतं, कारण तिच्यात नेहमीसारखे गिअर बदलत नाहीत.

एसी: आपल्या हवेत हा मुद्दा सगळ्यात मोठा ठरू शकतो. मस्टँगमध्ये एसीचा काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, म्हणजे थंडावा हवा तर इंजिन चालूच हवं. प्रियसचा काँप्रेसर विजेवर चालतो. मे महिन्यात सिग्नलला इंजिन बंद पडलं तरी गार हवा येत राहते. बॅटरी उतरायला लागली की इंजिन आपोआप सुरू होतं. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. हायब्रिड बॅटरी थंड ठेवण्यासाठी केबिनमधलीच हवा ओढली जाते आणि त्याची जाळी मागच्या सीटच्या कडेला असते. त्यावर बॅग किंवा उशी ठेवून ती झाकायची नाही.

मागच्या सीटवर बसतंय कोण?

इथपर्यंत प्रश्न अवघडलेल्या पायांचा आणि वाकलेल्या मानेचा होता. पण मागच्या सीटकडे दुय्यम म्हणून बघितलं की त्याची झळ सुरक्षेलाही लागू शकते.

जानेवारी २०१७ मध्ये युरो एनकॅप या संस्थेने मस्टँगची टक्कर चाचणी जाहीर केली. पाचपैकी दोन स्टार मिळाले. मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेला ७२ टक्के गुण होते, मुलांच्या सुरक्षेला फक्त ३२ टक्के. मागच्या सीटबेल्टला प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट घट्ट ओढणारी यंत्रणा नव्हती. बेल्टचा छातीवरचा ताण आवरणारी यंत्रणाही नव्हती. समोरासमोरच्या धडकेत मागचा डमी बेल्टखालून पुढे घसरला. फोर्डने त्यानंतर काही सुधारणा केल्या आणि त्याच वर्षी पुढच्या चाचणीत तीन स्टार मिळाले.

तिसऱ्या पिढीच्या प्रियसला याच संस्थेने २००९ मध्ये पाच स्टार दिले होते. पण हे दोन आकडे थेट शेजारी ठेवणं योग्य नाही. मधल्या वर्षांत चाचण्या बऱ्याच कडक झाल्या. २००९ चे पाच स्टार आणि २०१७ चे पाच स्टार एक नव्हेत.

तरीही मस्टँगच्या निकालातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मागच्या सीट आहेत, म्हणजे त्या पुढच्या सीटइतक्याच विचाराने बनवल्या आहेत असं नाही. गाडीचे स्टार बघताना एकूण आकड्यावर थांबू नका. मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे दिलेले असतात, ते उघडून बघा. चाचणीचं वर्षही बघा.

मग यातली चांगली कोणती?

गाडीत रोज किती माणसं बसणार, यावर ते ठरतं. एकटं किंवा दोघंच फिरणार असतील, मागची सीट बॅग टाकायला आणि फार तर लहानशा अंतरासाठी हवी असेल, तर मस्टँग जागेत कमी पडत नाही. पुढच्या दोन सीट तर ऐसपैस आहेत. तिच्या रचनाकारांनी मागच्यांची जागा घेऊन ती इंजिनाला, चाकांना आणि दिसण्याला दिली. घेणाऱ्यालाही तेच हवं असेल, तर तक्रारीचं कारण नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा चार सीट बघून कोणी तिला चार माणसांची गाडी समजतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या समोर मस्टँग आणि प्रियस हा पर्याय कधीच येणार नाही. पण हीच निवड लहान रूपात रोज होते. उतरत्या छपराची कूपे-एसयूव्ही घ्यायची की सरळ छपराची? नव्या आलेल्या हायब्रिडमध्ये बॅटरी कुठे बसवली आहे? जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी दोन दारांची देखणी गाडी घरच्यांना झेपेल का? तेव्हा एवढं करा:

- लांबी-रुंदीआधी पुढच्या आणि मागच्या लेगरूमची बेरीज बघा.
- ड्रायव्हरची सीट स्वतःच्या उंचीप्रमाणे लावा आणि मग तिच्याच मागे जाऊन बसा. पाच मिनिटं तरी बसा.
- घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शोरूममध्ये न्या. त्यांना दोनदा चढायला आणि उतरायला लावा.
- लहान मूल असेल तर चाइल्ड सीट बरोबर न्या आणि ती प्रत्यक्ष लावून बघा.
- डिकीचा आकडा विसरा, तुमची सगळ्यात मोठी बॅग घेऊन जा.
- दुपारच्या उन्हात, एसी लावून, खड्ड्यांच्या रस्त्यावर चक्कर मारा. आणि त्या चक्करीत तुम्ही मागे बसा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टेस्ट ड्राइव्ह घेणारा माणूस नेहमी पुढे बसतो आणि गाडीचं मत तोच बनवतो. पुढच्या सीटवरून मस्टँग आणि प्रियस यांच्यातला फरक थोड्या सेंटीमीटरांचा आहे. तो खरा कळतो तो मागच्या सीटवर.